‘काडीजोड’: एका बुजगावण्याच्या प्रेमकथेच्या प्रकल्प नोंदी

६ जून २०२४

गोष्ट एका कागदावर मावली. आटपाट नगराबाहेर शेत, शेतात बुजगावणं. त्याला कुणी भीत नाही, कावळा तर त्याच्या हातावरच बसतो. एका रात्री चेटकिणीचा झाडू हवेतच मोडतो आणि ती या शेतात पडते. तिला अख्खं नगर भितं. हा भीत नाही, कारण भ्यायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. तिला झाडूसाठी नवा दांडा हवा. आसपास सरळ, मजबूत काठी एकच आहे, बुजगावण्याच्या पाठीतली. पुढचं सांगत नाही. काडीमोडाच्या उलट म्हणून नाव ‘काडीजोड’.

विनोदी फिल्म आहे, असं मी तरी म्हणतोय.

पद्धत कागदी कटआउटची. काचेवर कागदाची पात्रं झोपवायची, वरून कॅमेरा रोखायचा, पात्र जरासं सरकवायचं, फोटो काढायचा. सेकंदाला २४ फ्रेम, पण एक फोटो दोन फ्रेमना वापरायचा, म्हणजे सेकंदाला १२ फोटो. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या सरकवून फिल्म केली होती. काड्यांच्या बाबतीत तरी मी त्यांच्या बरोबरीला आहे.

१५ जून

ॲनिमॅटिक झालं: कच्ची चित्रं एकामागून एक लावली आणि सगळ्यांचे संवाद मीच बोललो. लांबी निघाली पाच मिनिटं चाळीस सेकंद. गुणाकार केला, ४,०८० फोटो. एका संध्याकाळी चाळीस होतील असं धरलं तरी शंभरावर संध्याकाळी, त्याही काहीच चुकलं नाही तर.

मग कापाकापी. राजा गेला, दवंडी गेली, तीन राजपुत्र गेले. राजपुत्र जाताना जीवावर आलं, कारण त्यांच्या मिशा मी आधीच कातरून ठेवल्या होत्या. ॲनिमॅटिक पक्कं होईपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही, हे मला माहीत होतं आणि तरीही लावला. आता लांबी दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, फोटो २,०१६. मिशा डबीत ठेवल्यात.

२९ जून

टेबल उभं राहिलं. चार लाकडी खांब, मध्ये तीन काचा, दोन काचांत साधारण १२ सेंटिमीटर अंतर. खालच्या काचेवर आकाश, मधल्या काचेवर शेत, वरच्या काचेवर पात्रं.

पहिल्या फोटोत बुजगावण्याच्या पोटात कॅमेरा, छतावरचा पंखा आणि माझी हनुवटी दिसत होती. उपाय: काळ्या पुठ्ठ्याला भिंगापुरतं भोक पाडून तो कॅमेऱ्याभोवती अडकवला, दिवे दोन्ही बाजूंनी तिरके लावले. तरी काचेवर एक फिकट ढग येतच होता. तो माझा पांढरा शर्ट निघाला. तेव्हापासून शूटिंगला काळा टी-शर्ट.

खरा वेळ खाल्ला तो भलत्याच गोष्टीने. साठ-सत्तर फोटो झाले की दृश्य आपोआप किंचित जवळ आल्यासारखं वाटायचं. मी सॉफ्टवेअरला दोष देत चार संध्याकाळी घालवल्या. शेवटी हाताला लागलं: कॅमेरा खाली तोंड करून टांगलेला, त्यामुळे झूमची नळी आपल्याच वजनाने हळूहळू खाली सरकत होती. चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, संपलं.

एक काच पुसताना फुटली. ती ३ मिलिमीटरची होती. आता ५ मिलिमीटरच्या घेतल्यात, कडा घासून. बोटाला दोन टाके पडल्यावर कडा घासण्याचं महत्त्व पटतं.

१३ जुलै

पात्रं. पहिला संच साध्या ड्रॉइंग पेपरचा. दिव्याच्या उबेने तासाभरात हात-पाय पापडासारखे वळले आणि प्रत्येक अवयवाखाली वेगळी सावली पडू लागली. मग जाड कार्डशीट. त्याला एका बाजूने रंगीत कागद चिकटवला, तर ते त्या बाजूला वाकलं. दोन्ही बाजूंनी सारखा कागद चिकटवल्यावर सपाट राहिलं. मध्ये एकदा चकचकीत लॅमिनेशनही करून पाहिलं. करू नका. चेटकीण आरशासारखी लखलखते.

सांध्यांना आधी पितळी पिना लावल्या. त्यांची डोकी वर येतात, कागद काचेपासून उचलला जातो. आता भोकातून जाड दोरा, दोन्ही बाजूंना गाठ, गाठीवर डिंकाचा ठिपका देऊन ती चपटी दाबलेली. सांधा थोडा घट्टच हवा, सैल असेल तर एक हात हलवताना दुसरा आपोआप हलतो. जर्मन ॲनिमेटर लोटे रायनिगर १९२० च्या दशकात छायाबाहुल्यांना पातळ शिशाचे पत्रे लावायच्या, म्हणजे बाहुली जागची हलत नसे. शिसं हाताळण्याची माझी तयारी नाही. मी पायांच्या मागे पातळ वॉशर चिकटवले. काम भागतं.

आणखी एक चूक: प्रत्येक पात्र एकाच आकाराचं केलं, म्हटलं जवळचा शॉट कॅमेरा पुढे नेऊन घेऊ. जवळून कात्रीचे हेलकावे स्पष्ट दिसतात. आता प्रत्येकाचे तीन आकार. काम तिप्पट झालं.

११ ऑगस्ट

जवळजवळ महिनाभर नोंद नाही, कारण त्यातले एकवीस दिवस मी तोंडं कापत होतो.

संवादासाठी तोंडांचे जे तयार तक्ते मिळतात ते इंग्रजी उच्चारांवर बेतलेले असतात. ते मराठी वाक्यावर बसवले की पात्र डब केलेल्या जाहिरातीतलं वाटतं. म्हणून आरसा घेऊन वर्णमालेपासून सुरुवात केली. शाळेत ओष्ठ्य, दंत्य, तालव्य घोकलं होतं, ते इतक्या वर्षांनी कामी आलं. सात तोंडांत भागलं:

मिटलेलं (प, ब, भ, म). खालचा ओठ दातांजवळ (व, आणि फ सुद्धा, कारण ‘फक्त’ म्हणताना आपल्यातले बरेच जण ओठ पुरते मिटत नाहीत). मोठा आ. फाकलेलं (इ, ई, ए). गोल (उ, ऊ, ओ). दातावर दात (च, ज, स, श). आणि अर्धवट उघडं, ज्यात बाकी सगळं येतं. ट, ड, ण, ळ, क, ग यांत जिभेची कितीही कसरत झाली तरी ती आतल्या आत होते, बाहेरून काही दिसत नाही. मी ‘ळ’साठी वेगळं तोंड कापण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली. आधी आरशात ‘बाळ’ म्हणून पाहिलं असतं तर ती वाचली असती.

जे सर्वांत उपयोगी पडलं ते हे. ‘बुजगावणं’ बोलायला साधारण अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सहा फोटो. मी आधी प्रामाणिकपणे सहा तोंडं लावली: मिटलेलं, गोल, दात, आ, व, अर्धं. पडद्यावर तो शब्द बोलत नव्हता, चघळत होता. मग मिटलेलं, गोल, गोल, आ, आ, अर्धं. लगेच बोलू लागला. तोंड प्रत्येक अक्षराला बदलायचं नसतं. ‘म’, ‘ब’ मात्र चुकवायचे नाहीत, आणि मिटलेलं तोंड आवाजाच्या एक फोटो आधी लावायचं. नेमकं आवाजावर लावलं तर उशीर झाल्यासारखं दिसतं.

१४ ऑगस्ट

सगळं बाद.

बुजगावण्याचा पहिला पूर्ण संवाद पाहिला. गोणपाटाच्या चेहऱ्यावर ओठ हलताना पाहून अंगावर काटा आला. ज्याला कुणी भीत नाही असा नायक, आणि तो पहिल्यांदाच भीतीदायक झाला. शिवाय बोलायला लागल्याबरोबर तो चारचौघांसारखा झाला. प्रेमात पडलेला, शब्द शोधणारा कुणीही.

त्याचं तोंड शिवून टाकलं. शब्दशः: काळ्या दोऱ्याचे सात टाके. आता तो बोलतच नाही.

मग प्रेम सांगायचं कुणी? हातावरच्या कावळ्याने. कावळा त्याचा दुभाषा, आणि दुभाषा खोटारडा. चोचीला दोनच स्थिती लागतात, उघडी आणि बंद. एकवीस दिवसांच्या तोंडांपेक्षा दोन चोची जास्त हसवतात, हे पचायला वेळ लागला.

चेटकीण: काय म्हणतोय हा?
कावळा: म्हणतोय, तुमचा झाडू मोडला ते फार बरं झालं.
चेटकीण: असं म्हणाला?
कावळा: मी थोडं सौम्य करून सांगितलं.

तोंडं चेटकिणीला वापरू म्हटलं, तर तिचा चेहरा लहान. तक्ता तोच, पण कापणं परत. चार संध्याकाळी.

२५ ऑगस्ट

आवाज. चेटकिणीसाठी मावशीला विचारलं. “चेटकीण म्हटल्यावर बरी मीच आठवले तुला!” म्हणाली, पण आली. कावळा म्हणजे माझा मित्र. स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट, दारं उघडी ठेवून, समोर दोन गोधड्या टांगून.

पहिल्यांदा दोघांना वेगवेगळं रेकॉर्ड केलं, मावशीला दुपारी, त्याला रात्री. जोडल्यावर वाक्य, शांतता, वाक्य, शांतता; वर्गात हजेरी चालल्यासारखं. पुढच्या रविवारी दोघांना समोरासमोर बसवलं. आता मावशी त्याचं वाक्य पुरं होऊच देत नव्हती, आणि तेच हवं होतं. फक्त एकाच माइकवर घेतलं असतं तर आवाज एकात एक मिसळून सुटे करता आले नसते. म्हणून दोघांपुढे एकेक फोन, आणि सुरुवातीला एक जोरदार टाळी, नंतर दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवायला.

मावशीने स्क्रिप्टमधलं एक वाक्य बदललं. मी लिहिलं होतं, “मला तुझी काठी नको.” ती म्हणाली, “ठेव तुझी काठी तुझ्यापाशी.” तेच ठेवलंय.

८ सप्टेंबर

पहिला शॉट, ९६ फोटो. चालवून पाहिला तर मेणबत्तीच्या उजेडात काढल्यासारखा लुकलुकतो. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) मॅन्युअल होतं, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) बांधलेला होता, खिडकीला काळा पडदा होता. मग?

दोन कारणं निघाली. भिंगाचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं पात्यांचं भोक, प्रत्येक फोटोला मिटतं आणि दर वेळी केसभर वेगळं मिटतं. डोळ्याला कळत नाही, पण सेकंदाला बारा फोटो पळवले की कळतं. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं की पाती हलतच नाहीत. त्यामुळे खालचं आकाश धूसर झालं, तो बोनस. दुसरं कारण स्वस्त एलईडी दिवे; तेही आपल्या गतीने मिचमिचतात. शटर पाव सेकंदापर्यंत लांबवलं, दिव्यांपुढे ट्रेसिंग पेपर लावला.

९६ फोटो फेकले.

२८ सप्टेंबर

हा महिना एका विरामात गेला.

कावळा म्हणतो, “मी थोडं सौम्य करून सांगितलं.” यानंतर चेटकीण बुजगावण्याकडे बघते. किती वेळ बघते यावर सगळा विनोद. आधी चार फोटो ठेवले होते. हसू यायच्या आत दृश्य पुढे. मग पंधरा, म्हणजे सव्वा सेकंद. आता वेळ पुरेसा होता, पण चित्र मेलं. कटआउटमध्ये काहीच हललं नाही की बघणाऱ्याला फिल्म अडकल्यासारखी वाटते. चेटकिणीच्या पापण्या मिटवल्या, ते बरं होतं. केस हलवले, ते वाईट होतं, लक्ष केसांकडे गेलं.

शेवटी बुजगावण्याच्या टोपीतून गवताची एकच काडी घसरली. पहिले सहा फोटो काहीच नाही. सातव्याला काडी टोपीच्या कडेशी तिरकी. आठव्या-नवव्याला हवेत. दहाव्याला त्याच्या नाकावर. उरलेले पाच फोटो ती नाकावर तशीच, आणि त्याचे हात आडवे ताणलेले असल्याने त्याला ती काढता येत नाही. चेटकीण बघतेय, कावळा बघतोय.

ही काडी चिमट्याने ठेवावी लागते. काच कोरड्या फडक्याने पुसली की स्थिर विजेने काडी उडी मारते, म्हणून फडकं किंचित ओलसर हवं. या पंधरा फोटोंना तीन तास लागले, आणि फिल्मभरात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

१९ ऑक्टोबर

मिठी.

अडचण अशी की बुजगावण्याचे हात म्हणजे एक आडवी काठी. ते वळत नाहीत. प्रेमकथेच्या नायकाला मिठी मारता येत नाही हे ॲनिमॅटिकमध्ये मी “मग बघू” म्हणून सोडलं होतं. ते “मग” आज उजाडलं.

आधी सोपा मार्ग घेतला: कोपरांना सांधे दिले. मिठी सुरेख जमली आणि नायक हरवला. हे त्याच्या तोंडासारखंच झालं. त्याला जे येत नाही ते बहाल केलं की तो दुसराच कुणी होतो. सांधे काढून टाकले. दोन दिवस गेले.

आता असं: तो एकाच दांड्यावर जमिनीत रोवलेला आहे. चेटकीण त्याच्या डाव्या हाताखाली येऊन उभी राहते. तो हात वळवू शकत नाही, पण अख्खाच्या अख्खा कलू शकतो. तो कलतो, डावा हात तिच्या खांद्यावर टेकतो, आणि त्याच वेळी उजवा हात वर जातो. उजव्या हातावर कावळा बसलाय. कावळा गोफणीतल्या दगडासारखा चौकटीबाहेर.

६२ फोटो. काचेखाली कोनमापक काढून ठेवला. पहिले वीस फोटो प्रत्येकी अर्धा अंश, लाजत लाजत. मग तीन फोटोंत एकदम सगळा कल. मग हाताने खांद्यावर दोनदा बारीक उसळून स्थिर व्हायचं. कल तीनऐवजी सहा फोटोंत घेतला तर कावळा उडत नाही, उतरतो, विनोद जातो.

एकेचाळिसाव्या फोटोला माझा गुडघा टेबलाला लागला. मागचा फोटो पारदर्शक करून त्याच्यावर सगळं परत जुळवायचा प्रयत्न केला. पात्रं जुळली, मधली काच जुळेना. शेत एका फोटोत टुणकन उडी मारायचं. पहिल्यापासून परत काढलं. आता टेबलाचे पाय जमिनीला चिकटवलेत, काचांच्या कोपऱ्यांवर पेन्सिलच्या खुणा आहेत आणि चाकांची खुर्ची खोलीबाहेर आहे.

१६ नोव्हेंबर

तो पाठीतला दांडा काढून तिला देतो आणि जागीच ढिगारा होतो. मला हे खऱ्या गवताने करायचं होतं. गवताच्या साठेक सुट्या काड्या. प्रत्येक फोटोला माझ्या श्वासाने चार-पाच काड्या सरकायच्या, आणि चालवल्यावर ढिगारा उकळत्या पाण्यासारखा खदखदायचा. श्वास रोखून फोटो काढून पाहिले. एकदा शिंकलो.

आता गवत नऊ जुडग्यांत चिकटवलंय. एका वेळी दोनच जुडगी हलवायची, बाकी स्थिर. ढिगारा शांत पडतो, वरून टोपी येऊन बसते. टोपीखाली डोळ्यांची दोन बटणं. पाहणाऱ्याने इथे हसायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही.

२१ डिसेंबर

उड्डाण झालं. चेटकीण दांडा झाडूला जोडत नाही. दांड्याला गवत परत बांधते, टोपी चढवते, आणि त्याच्यावरच बसून निघते. आकाशाची काच खालून ओढायची होती, सोपं होतं, चार संध्याकाळींत उरकलं. मेमरी कार्ड एकदा गेलं, पण त्या दिवसाचेच फोटो गेले, कारण मी रोज रात्री दोन ठिकाणी उतरवून ठेवतो.

१९ जानेवारी २०२५

संकलन ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये, आवाज ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. हिशेब: ठेवलेले फोटो २,०१६, काढलेले ३,३७०. संध्याकाळी १३१. काचा चार, त्यातली एक कचऱ्यात. न वापरलेली तोंडं ७, मिशा ३.

कावळा उडतो तिथे मी शिट्टीचा लांब आवाज टाकला होता. स्वस्त वाटला. काढून फक्त काठी करकरल्याचा आवाज ठेवला (जुनं लाकडी दार, फोनवर टिपलेलं) आणि दोन सेकंदांनी दुरून बारीकसं “अरे!”

२ फेब्रुवारी

घरच्यांना दाखवली. मावशी स्वतःच्या प्रत्येक वाक्याला हसली. काडी नाकावर पडली तिथे सगळेच हसले. ढिगाऱ्याला कुणी काही बोललं नाही.

संपल्यावर आठ वर्षांची भाची म्हणाली, “मामा, कावळा उजवीकडे उडाला ना? मग लगेच डावीकडून येऊन टोपीवर कसा बसला?”

आठ महिन्यांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. टेबल परत मांडलं. रिकामं आकाश, चंद्र, आणि सर्वांत लहान आकाराचा कावळा उजवीकडून डावीकडे. चौदा फोटो, दोन तास. मिठीनंतर तो शॉट घातला. भाचीला पुन्हा दाखवली, तर ती म्हणाली, “हां, आता गेला.”